चौदा माणसं आणि एक मॅटाडोर

स्मरणिकेच्या मंडळाने लेखांसाठी विषय सुचवले होते: आवडते शिक्षक, मधली सुट्टी, सहल, गॅदरिंग. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. निबंधात मला बाईंनी दहापैकी सहाच्या वर कधी दिले नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी गाड्यांचा इतिहास लिहायचं ठरवलं. गाड्या म्हणजे ज्यांत आपली सगळी खानदानं कोंबली गेली त्या डब्यासारख्या मोठ्या गाड्या: मॅटाडोर, मारुती व्हॅन, टाटा इस्टेट आणि सुमो.

हा विषय घ्यायला एक कारण आहे. या चारपैकी तीन गाड्या आपल्या शाळेपासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर तयार होत होत्या. मॅटाडोर आकुर्डीला, इस्टेट आणि सुमो टेल्कोत. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील त्या बनवायचे, आणि उरलेल्यांचे वडील भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये त्यांचे सुटे भाग करायचे. माझे बाबा या दुसऱ्या गटातले. त्यांच्याकडून घरी जुनी ड्रॉइंगं यायची, आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी दहावीपर्यंतची सगळी गणितं सोडवली. कागदाच्या त्या अंगाला काय आहे, ते मी तेव्हा कधी पाहिलं नाही.

आपलं गावही त्या कारखान्यांच्याच वयाचं म्हणायला हवं. साठच्या दशकात इथे एमआयडीसीने जमिनी घेतल्या, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. आपण १९८५ मध्ये पहिलीत गेलो तेव्हा ती महानगरपालिका तीन वर्षांची होती. गावात घड्याळापेक्षा भोंग्यावर जास्त विश्वास होता. पहिल्या पाळीच्या कंपनीच्या बस गेल्या की आई आम्हाला उठवायची.

तेव्हा घरात वाहन म्हणजे स्कूटर. तीही नंबर लावून मिळालेली. थोरलं मूल पुढे उभं, बाबा, मध्ये धाकटं, आणि मागे आई एका बाजूला पाय सोडून, स्टेपनीला धरून. चार माणसांवर स्कूटर संपायची. पण कुटुंब चारावर संपत नव्हतं. आजी होती, आत्या होती, गावाहून शिकायला आलेला काकांचा मुलगा होता. या सगळ्यांना घेऊन जेजुरीला जायचं तर एसटी, नाहीतर चिंचवड स्टेशनजवळच्या स्टँडवरून ठरवलेली मॅटाडोर.

आता जरा मागे जाते. टेम्पो हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे की तो एका जर्मन कंपनीचा ब्रँड होता हे कोणाच्या मनातही येत नाही. हॅम्बुर्गमध्ये व्हिडाल अँड सोन नावाची एक कंपनी होती. ती १९२८ पासून ‘टेम्पो’ या नावाने तीनचाकी मालवाहू गाड्या काढायची. कर, परवाना आणि खिशातला पैसा, सगळंच तुटपुंजं असलेल्या छोट्या दुकानदारासाठी ती गाडी होती. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये त्या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो सुरू केली, आणि हॅन्सिट हे तीनचाकी मॉडेल इथे आणलं. जर्मनीत लोकांच्या हातात पैसा आला तशी तिथली तीनचाकी मागे पडली. आपल्याकडे मात्र ती पुढे कित्येक दशकं भाजी, बर्फ, फर्निचर आणि गणपती वाहत राहिली. नाव इतकं रुळलं की पुढे दुसऱ्या कंपनीची गाडी आली तरी तीही टेम्पोच.

मॅटाडोर हे त्याच घराण्यातलं मोठं भावंडं. जर्मनीत ती १९४९ मध्ये आली. सुरुवातीला तिला फोक्सवॅगनचं इंजिन होतं. मग फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन काढली, आणि प्रतिस्पर्ध्याला आपलंच इंजिन कशाला द्यायचं म्हणून पुरवठा थांबवला. (सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हा प्रकार दर दोन वर्षांनी बघतो.) पुढे टेम्पो कंपनी हॅनोमागच्या ताब्यात गेली आणि हॅनोमागचा वाहनांचा धंदा डाइमलर-बेंझने घेतला. तिकडे नावं पुसली गेली. इकडे १९६९ पासून बजाज टेम्पोने मॅटाडोर करायला घेतली, आणि ऐंशीच्या दशकात तर डाइमलर-बेंझशीच करार करून मर्सिडीजचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन इथे बनवायला सुरुवात केली. म्हणजे नव्वदच्या आसपासची मॅटाडोर असेल तर तिच्यात मर्सिडीजच्या घराण्यातलं इंजिन असण्याची बरीच शक्यता. आत्याच्या लग्नाला आम्ही मर्सिडीजने गेलो, असं मी अधूनमधून मुलाला सांगते. त्याला ते पटत नाही.

मॅटाडोर मुळात मालाची गाडी. तिच्यात माणसं का बरी बसायची, याला एक सरळ तांत्रिक कारण आहे. तिचं इंजिन पुढे होतं आणि फिरवली जायची तीही पुढचीच चाकं. ट्रकमध्ये इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा जो लांब फिरता दांडा असतो, तो इथे नव्हता. दांडा नाही म्हणून गाडीची जमीन खाली आणता आली. मालाच्या दृष्टीने सोय अशी की हमालाला पोतं फार वर उचलावं लागायचं नाही. आपल्या घरांच्या दृष्टीने सोय अशी की नऊवारीतली आजी कोणाचा हात न धरता आत चढायची. आमची आजी जीपमध्ये कधीच बसली नाही. पण मॅटाडोरची पायरी तिला जमायची, आणि अष्टविनायक तिने तेवढ्या पायरीच्या जोरावर केले.

इंजिन मात्र ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारच्या सीटच्या मध्ये, पत्र्याच्या झाकणाखाली. त्या झाकणावर सतरंजी टाकून एक जण बसायचा. हिवाळ्यात ती गाडीतली सर्वांत चांगली जागा, उन्हाळ्यात शिक्षा. आमच्याकडे तिथे काकांचा मुलगा बसायचा, कारण तो नात्याने घरचा आणि हक्काने पाहुणा होता. ही गोष्ट त्यानेच मला अलीकडे सांगितली, अगदी हसत.

भाडं किलोमीटरवर ठरायचं. वर ड्रायव्हरचा भत्ता, आणि जेवण आपल्यातलं. हिशेब बाबा एका वहीत लिहायचे. त्यात प्रत्येक घराची वर्गणी, मुलांची अर्धी, आजीची नाही. या वह्यांतली एक आमच्याकडे अजून आहे. त्यात एका सहलीची चौदा नावं आहेत, आणि त्यातली तीन आमच्या घरातली नाहीतच. एक शेजारच्या काकू, आणि दोघं बाबांच्या शॉपमधले, ज्यांची घरं गावाला होती. जागा उरली म्हणून घेतले. खरं तर जागा उरली नव्हती.

माझं म्हणणं त्या वहीवरूनच निघतं. आपण हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आपली लहानपणची फॅमिली कार’ म्हणून जे फोटो फिरवतो, त्यातली गाडी बहुतेक वेळा आपली नव्हतीच. ती दिवसाच्या भाड्याने आणलेली, आदल्या दिवशी कांदे आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड वाहणारी गाडी होती. कुटुंब मात्र आपलं होतं, आणि तेही गाडीच्या मापाने कमीजास्त होणारं.

अमेरिकेत मी कामानिमित्त अडीच वर्षं होते. तिथे माझ्याच वयाचे सहकारी जेवणाच्या सुट्टीत लहानपणच्या स्टेशन वॅगनच्या आठवणी काढायचे. बाजूंना लाकडाच्या रंगाचा पट्टा, आणि सगळ्यात मागे उलट तोंडाची सीट. त्या सीटवरून मागच्या गाडीवाल्यांना वेडावून दाखवायचं. मला ऐकायला मजा यायची, आणि थोडा हेवाही वाटायचा. स्टेशन वॅगन हे नाव रेल्वे स्टेशनवरून आलं. गाडीतून उतरलेल्या प्रवाशांचं सामानसुमान हॉटेलपर्यंत किंवा घरापर्यंत नेणारी ती गाडी, सुरुवातीला खरोखरच लाकडी सांगाड्याची. फोर्डने १९२९ मध्ये ती कारखान्यातून विकायला काढली. युद्धानंतर उपनगरं वाढली, मुलं वाढली, तशी ती घरोघरी गेली. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली आणि स्टेशन वॅगनचा दबदबा ओसरू लागला. त्या मुलांची आई स्वतः गाडी चालवायची, हे ऐकून मी त्यांना विचारलं होतं, की मग वडील कुठे बसायचे? प्रश्न त्यांना कळलाच नाही.

तर अशी एक स्टेशन वॅगन आपल्या गावातही बनली होती. टाटा इस्टेट, १९९२. तिची गोष्ट सांगण्याआधी १९८९ बद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत.

तेव्हा आपण पाचवीत होतो. टेल्कोच्या इथल्या कारखान्यात त्या काळात कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात मोठा संघर्ष चालला होता. सप्टेंबरमध्ये कामगार फार मोठ्या संख्येने पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले, आणि अखेर पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. संप कोणी कसा चालवला, कोणाचं चुकलं, यावर पुण्यात आजही दोन मतं मिळतात, आणि ती दोन्ही मतं तेव्हा आपल्या वर्गात एकाच बाकावर बसत होती. काहींचे वडील शनिवारवाड्यावर होते, काहींचे कामावर जात होते, आणि काहींचे वडील ऑफिसर होते. डबे शेजारी शेजारी उघडले जायचे. कोणाच्या डब्यात काय असतं याकडे आपण पाहायचो नाही, असं मला पुसटसं आठवतं. पण ते मी नंतर रचलेलं असेल तर ज्यांच्या घरात ते दिवस गेले त्यांनी मला दुरुस्त करावं. बाईंनी त्या महिन्यात ‘माझे वडील’ हा निबंध दिला नाही. तो दरवर्षी असायचा. मला आता वाटतं, की तो त्यांनी मुद्दाम वगळला असावा. बाई मेळाव्याला येणार आहेत. मी विचारणार आहे.

ट्रक बनवणाऱ्या या कारखान्याने नेमक्या त्याच वर्षांत माणसं नेणाऱ्या गाड्या काढायला सुरुवात केली. १९८८ मध्ये टाटामोबाईल हा पिकअप आला. त्याच चौकटीवर १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो. चौकट म्हणजे शिडीसारखा पोलादी सांगाडा, ट्रकचा असतो तसा. त्यावर वरचं अंग वेगवेगळं बसवायचं. माझ्या धंद्यात याला आम्ही प्लॅटफॉर्म म्हणतो आणि त्यावर तासतासभर बोलतो. टेल्कोने ते सहा वर्षांत चार गाड्या काढून करून दाखवलं. इंजिनही तेच, प्यूजोच्या आराखड्यावरचं, दोन लिटरच्या जरा आतलं डिझेल.

इस्टेट दिसायला देखणी होती. लांब, बुटकी, मागे सरळ उतरलेली, दुरून मर्सिडीजची इस्टेट वाटावी अशी. मला ती फार आवडायची. शाळेसमोरून कधी एखादी गेली तर आम्ही दोघीतिघी थांबून बघायचो. पण ती फारशी चालली नाही, आणि का चालली नाही याचं माझ्यापुरतं उत्तर बाबांच्या वहीत आहे. इस्टेट पाच माणसांची गाडी होती. मागची ऐसपैस जागा सामानासाठी. अमेरिकेतल्या घराला माणसं मोजकी आणि सामान फार, म्हणून स्टेशन वॅगन लागली. आपल्याकडे सामान म्हणजे वळकट्या, स्टोव्ह, पाण्याचा पिंप आणि पुऱ्यांचा डबा. ते टपावर दोरीने बांधता येत होतं. जागा हवी होती ती माणसांना. त्यातून ज्याच्यापाशी इस्टेट घेण्याइतका पैसा होता, त्याला डिकी वेगळी दिसणारी गाडी हवी होती. मागून व्हॅनसारखी दिसणारी गाडी त्याला माल वाहण्याची वाटायची. ही शेवटची गोष्ट मी ऐकीव सांगते आहे, पण आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी नेमक्या याच कारणावरून इस्टेट नाकारली होती.

सुमोने हा घोटाळा सोडवला. दहा माणसं. पुढे, मध्ये, आणि मागे समोरासमोर आडव्या फळ्या. नाव जपानी पैलवानावरून आलं असं आपण सगळे समजत होतो. ते सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या पहिल्या अक्षरांवरून आलं आहे. टेल्को घडवणारे, आणि कारखान्याच्या माळावर झाडं लावून घेणारे मुळगावकर १९८९ मध्ये गेले. सुमो आली ती त्यांच्यामागे पाच वर्षांनी. १९९७ पर्यंत एक लाख सुमो विकल्या गेल्या होत्या. त्यातल्या कितीतरी कोणा एका घराच्या नव्हत्याच. वडाप, टूर, लग्न, निवडणूक, रुग्ण, सगळं तिने वाहिलं. मॅटाडोरची जागा घेतली ती सुमोने. फक्त आजीची पायरी तेवढी उंच झाली.

मारुती व्हॅन या सगळ्यात बाहेरची. ती गुडगावची, आणि पेट्रोलवरची. १९८४ च्या अखेरीस ती आली. आतून सुझुकी कॅरी, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणजे मारुती ८०० चंच. १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं. आपल्याकडे ते फारसं कोणी घेतलं नाही. ती व्हॅनच राहिली. हिंदी सिनेमात माणूस पळवायचा तर तीच लागायची, कारण दार बाजूला सरकायचं. आपल्याला शाळेत पळवून नेणारीही तीच होती, रोज सकाळी पावणेसातला.

त्या व्हॅनबद्दल मला जरा वेळ घेऊन लिहायचं आहे. आपण तिच्यावर हसतो, आणि हसण्यासारखं होतंही. मागची सीट काढून फळ्या बसवलेल्या. दप्तरं टपावर. व्हॅनवाल्या काकांना सगळ्यांच्या मावश्यांची नावंसुद्धा पाठ. पावसात काच आतून धुरकट व्हायची आणि आपण तिच्यावर बोटाने नावं लिहायचो. आठ जणांच्या गाडीत मी एकदा मोजले तेव्हा आम्ही सतरा होतो. त्यात तिघं बालवाडीतले, मांडीवर.

इंजिनिअर म्हणून आता बघते तेव्हा अंगावर काटा येतो. साध्या गाडीला पुढे बॉनेट असतं. धडक बसली की ते चुरगळतं, आणि चुरगळता चुरगळता धडकेचा बराचसा जोर स्वतःत जिरवतं. आत बसलेल्या माणसाला थांबायला तेवढा जास्त वेळ मिळतो. हा वेळ सेकंदाच्या अगदी लहान अंशात मोजायचा, पण जीव त्यावर असतो. व्हॅनला चुरगळायला पुढे काही नव्हतंच. इंजिन पुढच्या सीटखाली, चाकंही सीटखाली, आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यापुढे एक पत्रा. त्या पत्र्यामागे, पुढच्या सीटवर, काकांच्या शेजारी आपण तिघं-चौघं बसायचो. भांडण करून बसायचो, कारण ती मानाची जागा.

सातवीत असताना वळणावर सरकतं दार नीट न लागल्याने एक लहान मुलगी खाली पडली होती. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. व्हॅन सावकाश चालली होती म्हणून हनुवटीला चार टाके पडले तेवढंच. दुसऱ्या दिवशी तीच व्हॅन, तितकीच मुलं आणि दाराला आतून बांधलेली एक सुतळी. ती मुलगी चार दिवसांनी परत आली, आणि आपण तिला मानाची जागा दिली. पालकांपैकी कोणी तक्रार केली नाही. करून सांगायचं कोणाला आणि दुसरी गाडी होती कुठे? सकाळी सातच्या शाळेला दोन किलोमीटरवर पोरगं पोचवायचं, बाबा पहिल्या पाळीला गेलेले, आईला धाकटं मूल. व्हॅन हा त्या सगळ्या गणिताचा एकमेव सुटणारा मार्ग होता.

महाराष्ट्र सरकारने स्कूलबससाठी वेगळे नियम केले ते २०११ मध्ये. गाड्यांना समोरून आणि बाजूने धडक देऊन बघण्याची सक्ती नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि जुन्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. ओम्नी त्याच वर्षी बंद झाली, पस्तीस वर्षांनी. तेव्हा समाजमाध्यमांवर बरेच अश्रू वाहिले. मीही एक जुना फोटो टाकला, त्याला भरपूर पसंती मिळाली. पण माझा मुलगा त्या गाडीत बसून शाळेत जावा असं मला वाटलं असतं का, हे कोणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, क्षणभरही न थांबता. सुमोही २०१९ मध्येच थांबली. मॅटाडोर तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती, इतकी गुपचूप की ती गेल्याचंही आपल्याला कळलं नाही.

कॉलेज संपवून मी २००१ मध्ये नोकरीला लागले, तेव्हा रात्रीच्या पाळीला कंपनीची गाडी यायची. कधी सुमो, कधी क्वालिस. क्वालिस टोयोटाची, जेमतेम पाच-सहा वर्षं बाजारात होती, आणि माझ्या पिढीतल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तिच्यात जितकी झोप काढली तितकी घरात काढली नसेल. तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा जाणवली. गाडीत सात-आठ माणसं होती, रोज तीच, तरी कोणाच्या मावशीचं नाव कोणाला माहीत नव्हतं. उतरायचा थांबा तेवढा माहीत असायचा.

या लेखासाठी आईला मॅटाडोरच्या सहलींबद्दल विचारलं. मला वाटलं ती रंगून सांगेल. ती म्हणाली, “मजा तुम्हा पोरांची होती.” मग हळूहळू एकेक सांगत गेली. पहाटे तीनला उठून चौदा माणसांच्या पुऱ्या. त्याच दिवशी उपास असलेल्यांचं वेगळं. बायका नेहमी मागे, चाकावरच्या सीटवर, कारण पुढे पुरुष आणि खिडक्यांना मुलं. घाटात तिला गाडी लागायची. जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना मॅटाडोर तापायची, ड्रायव्हर चाकामागे दगड लावून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा, आणि आपण मुलं खाली उतरून करवंदं शोधायचो. आईला तो थांबा आठवतो तो गाडी हलायची थांबली म्हणून. त्या पंधरा मिनिटांत तिला बरं वाटायचं. चौदा माणसांची ती आनंदी गाडी, आपल्या आठवणीतली, तिच्या जागेवरून कशी दिसत होती, हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मैत्रिणींनो, तुमच्या आयांनाही विचारून बघा. माझ्या आईला हल्ली गाडी लागत नाही. ती पुढे बसते, पट्टा लावते, काच खाली करते, आणि मला ओव्हरटेक करू नकोस म्हणून सांगते.

आता कामाचं. आपल्यापैकी ज्यांचे वडील आकुर्डीला किंवा टेल्कोत होते, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझे बाबा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांची ड्रॉइंगं मी गेल्या दिवाळीत उलटून पाहिली. एका कागदाच्या मागे नववीची बीजगणितं, आणि पुढे एका बिजागरीचा आराखडा. कोणत्या गाडीची, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. नुसता क्रमांक आहे. ते बाबांना एका वाक्यात सांगता आलं असतं.

मेळाव्याच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गात मी एक टेबल आणि स्कॅनर घेऊन बसणार आहे. घरात मॅटाडोरचे, व्हॅनचे, सुमोचे फोटो असतील तर आणा. फोटोत गाडी नीट दिसली नाही तरी चालेल, माणसं मोजता आली पाहिजेत. फोटोच्या मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: साल, कुठे चालला होतात, आणि वडील कोणत्या खात्यात होते. पेंट शॉप, प्रेस शॉप, असेंब्ली, कँटीन, काहीही. वडील येऊ शकत असतील तर त्यांनाच घेऊन या. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, पण सरांनी खालच्या वर्गाची किल्ली देतो असं सांगितलं आहे. आणि वळणावर पडलेली ती मुलगी, जी आता कुठे आहे हे मला माहीत नाही, तिच्यापर्यंत हा अंक पोचला तर तिनेही यावं. आपल्या वर्गाची नसली तरी व्हॅनमधली आहे.